माळरानांची साक्ष दाढांमध्ये आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की वृक्षलागवडीच्या बातम्या सुरू होतात आणि त्यांत सोलापूर, अहिल्यानगर, बीड, धाराशिव या जिल्ह्यांतील ‘उजाड’ माळ हिरवे करण्याचे संकल्प हमखास असतात. झाडे लावण्याला कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही, माझाही नाही. मात्र या संकल्पांमागे एक गृहीतक असते आणि ते तपासण्याची तसदी क्वचितच घेतली जाते. एकेकाळी येथे घनदाट अरण्य होते, माणसाने ते तोडले आणि म्हणून आज येथे नुसते गवत उरले आहे, असे ते गृहीतक आहे. अनेक वर्षे विज्ञान शिकवलेल्या आणि गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यात राहणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हे गृहीतक खटकते, कारण त्याच्याविरुद्ध बोलणारा पुरावा आपल्याच नदीपात्रांच्या काठांत गाडलेला आहे. हा पुरावा म्हणजे खुरांच्या प्राण्यांचे जीवाश्म, त्यातही त्यांच्या दाढा.

प्राचीन काळचे निसर्गचित्र उभे करताना शास्त्रज्ञ वाघ-सिंहांपेक्षा खुरी प्राण्यांकडे आधी का वळतात, हे सांगायला हवे. गाय, म्हैस, हरीण, काळवीट, जिराफ, उंट, डुक्कर, पाणघोडा हे समखुरी आणि घोडा, गेंडा हे विषमखुरी. हे प्राणी संख्येने मोठे असतात, म्हणून त्यांचे अवशेषही जास्त सापडतात. शिकार मिळेल तेथे वाघ राहू शकतो. जंगलात राहील आणि गवतातही राहील. चरणाऱ्या प्राण्याला मात्र त्याच्या तोंडी लागणारी वनस्पतीच हवी असते आणि तिच्याप्रमाणे त्याचा जबडा, त्याचे पाय आणि त्याचे दात घडत जातात. शिवाय दाताचे इनॅमल हा शरीरातला सर्वांत टणक पदार्थ आहे. त्याचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग खनिजाचा असतो. हाडात मातीतली द्रव्ये शिरतात आणि मूळ रसायन बिघडते. इनॅमल मात्र लाखो वर्षांनंतरही बहुतांशी जसेच्या तसे राहते.

‘बॉस नमाडिकस’ या नामशेष रानबैलाची दाढ हातात घेऊन पाहिली की काही गोष्टी चटकन दिसतात. माणसाच्या दाढेपेक्षा ती कितीतरी उंच असते. तिचा बराचसा भाग प्राणी जिवंत असताना जबड्यात दडलेला असे आणि वरचा भाग झिजेल तसा हळूहळू वर सरकत असे. चावण्याच्या पृष्ठभागावर इनॅमलच्या नागमोडी कडा असतात आणि त्यांच्या मधे दंतिन व सिमेंटम हे दाताचेच मऊ घटक भरलेले असतात. मऊ भाग आधी झिजतो, कडा उभ्या राहतात आणि टाकी न लावताही आपोआप खरखरीत राहणाऱ्या जात्यासारखी ती दाढ आयुष्यभर काम देते. गवतात सिलिकाचे सूक्ष्म कण असतात आणि जमिनीलगत चरताना तोंडात मातीही जाते, त्यामुळे रोज तासन्‌तास हा दळणाचा उद्योग करणाऱ्या प्राण्याला अशीच दाढ हवी. झाडाची कोवळी पाने खुडून खाणाऱ्या हरणाच्या दाढा याउलट बुटक्या आणि टोकदार उंचवट्यांच्या असतात.

अर्थात दाढ उंच दिसली की प्राणी गवतच खात होता, असे सरळ समीकरण मांडता येत नाही आणि येथेच या विषयाची खरी गंमत सुरू होते. धुळीच्या, कोरड्या प्रदेशात झुडपे खाणाऱ्या प्राण्याच्याही दाढा उंच होऊ शकतात. दाढेची उंची ही त्याच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या काय खाल्ले याचा जमाखर्च असते. त्या विशिष्ट प्राण्याने काय खाल्ले, ते झिजेवरून कळते. मिकाएल फोर्टेलियस आणि निकोस सोलुनियास यांनी २००० साली दाढेच्या उंचवट्यांची टोके तीक्ष्ण, गोलसर की बोथट, यावरून आहार ओळखण्याची पद्धत मांडली. त्यापुढे सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे ओरखडे आणि खळगे प्राण्याच्या अखेरच्या काही दिवसांतला किंवा आठवड्यांतला आहार सांगतात.

सर्वांत खात्रीची साक्ष मात्र कार्बनची. ज्वारी, बाजरी, मका, ऊस आणि आपल्या माळावरची कुसळी, पवना, मारवेल ही गवते प्रकाशसंश्लेषणाच्या ज्या पद्धतीने वाढतात तिला सी-४ म्हणतात. झाडे, झुडपे, वेली, तसेच भात आणि गहू यांची पद्धत सी-३. सी-३ वनस्पती हवेतल्या कार्बनमधला जड कार्बन-१३ जास्त प्रमाणात टाळतात, सी-४ वनस्पती त्या मानाने कमी टाळतात. हा फरक खाणाऱ्याच्या इनॅमलमध्ये उतरतो. इनॅमल थोडेसे कोरून त्याची काही मिलिग्रॅम भुकटी घ्यायची, आम्लाने तिच्यातून कार्बन डायऑक्साइड मोकळा करायचा आणि वस्तुमान-वर्णपटमापकावर मोजायचा. कार्बन-१३ चे प्रमाण एका ठरावीक मानक नमुन्यापेक्षा किती कमी-जास्त आहे, ते हजारांत सांगतात. केवळ झाडपाल्यावर जगलेल्या प्राण्याच्या इनॅमलमध्ये हे मूल्य साधारण उणे १२ प्रतिसहस्राच्या आसपास येते, तर उष्ण प्रदेशातल्या गवतावर जगलेल्याच्या इनॅमलमध्ये ते शून्याच्या वर, अधिक १ किंवा २ पर्यंत जाते. दोन्हींत अंतर इतके मोठे आहे की घोटाळा होण्यास फारसा वाव राहत नाही. याच भुकटीतल्या ऑक्सिजनवरून प्राणी कोणते पाणी प्यायला याचा अंदाज येतो. आणि उंच दाढ तयार व्हायला एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लागत असल्यामुळे वरपासून खालपर्यंत ओळीने नमुने घेतले, तर पावसाळा आणि उन्हाळा यांची आवर्तनेसुद्धा त्यात वाचता येतात.

या पद्धतीने भारतीय उपखंडातला सर्वांत भरघोस पुरावा मिळाला तो शिवालिकच्या टेकड्यांत. १८३०च्या दशकात सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख ह्यू फाल्कनर आणि कालव्यांचे अभियंते प्रोबी कॉटली यांनी तेथे खोदून काढलेल्या हाडांनी युरोप थक्क झाला होता. जिराफाच्या कुळातला, हत्तीच्या जवळपास भरणारा, फताड्या शिंगांचा ‘शिवथेरियम’ त्यांनी १८३६ मध्ये जगापुढे मांडला आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या भूविज्ञान संस्थेने दोघांना वोलॅस्टन पदक दिले. पण त्या काळी भर होता अजब प्राणी शोधून त्यांना नावे देण्यावर. त्या प्राण्यांभोवतालचे जग कसे होते, हा प्रश्न नीट विचारला गेला तो दीड शतकानंतर, पाकिस्तानातल्या रावळपिंडीजवळच्या पोतवार पठारावर, जेथे शिवालिकचे गाळाचे थर कोट्यवधी वर्षांचा जवळजवळ अखंड इतिहास राखून आहेत.

१९८९ मध्ये जे क्वेड, थुरे सेरलिंग आणि जॉन बोमन यांनी तेथील प्राचीन मातीतल्या चुनखडीच्या खड्यांचा कार्बन मोजून दाखवला. सुमारे ७४ लाख ते ७० लाख वर्षांपूर्वी त्यात मोठी उडी दिसते, म्हणजे झाडझाडोऱ्याची जागा सी-४ गवताने घेतली. पुढे खुरी प्राण्यांच्या दाढांनीही हीच हकिकत सांगितली आणि ती अधिक तपशिलाने सांगितली. ८५ लाख ते ६० लाख वर्षांपूर्वीच्या काळात फळे आणि पाला खाणारे प्राणी एकामागून एक नाहीसे झाले. काही प्राण्यांनी आहारात गवत वाढवले आणि ते तगले. गवत चांगले चरू शकणारे नवे प्राणी आले. उत्तर अमेरिकेतून आशियात पोहोचलेला तीन बोटांचा घोडा ‘हिपेरियन’ शिवालिकमध्ये सुमारे एक कोटी सात लाख वर्षांपूर्वी दिसू लागतो. त्याच्या दाढा तेव्हाही उंच होत्या, पण सी-४ गवताचे राज्य अजून यायचे होते. वर ज्या सरळ समीकरणाबद्दल सावध केले, त्याचे हे उत्तम उदाहरण आहे.

या उलथापालथीत मागे पडलेल्यांपैकी एका घराण्याचा उल्लेख महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी मुद्दाम करतो. शिवालिकच्या जुन्या थरांत पिसोरीच्या, म्हणजे हरणासारख्या दिसणाऱ्या चिमुकल्या खुरी प्राण्याच्या, कुळातले अनेक छोटे-मोठे प्राणी विपुल सापडतात. दाट झाडोऱ्यातले, ओलसर जमिनीवरचे, बिनशिंगी जीव. अरण्य आकसले तसे त्यांचे वैविध्य ओसरले. त्या कुळातली आपली पिसोरी आज सह्याद्रीच्या आणि विदर्भाच्या जंगलात तग धरून आहे. पिसोरी हवी असेल तर जंगलच राखले पाहिजे आणि काळवीट हवा असेल तर माळ राखला पाहिजे, हा हिशेब सत्तर लाख वर्षांपूर्वीही असाच होता.

हा बदल का झाला यावर मतभेद आहेत. १९८९च्या संशोधकांनी त्याचा संबंध मोसमी पावसाच्या तीव्रतेशी जोडला. पुढे आफ्रिका आणि अमेरिकेतही साधारण त्याच सुमाराचे बदल दिसले, तेव्हा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचे घटलेले प्रमाण, लांबलेला कोरडा ऋतू आणि त्यासोबत येणारे वणवे यांचाही विचार सुरू झाला. माझ्या मुद्द्यापुरते एवढे पुरे आहे की आपल्या उपखंडातले उष्ण गवताळ प्रदेश आधुनिक माणसाच्या कितीतरी आधीचे आहेत. ते कुऱ्हाडीने निर्माण झालेले नाहीत.

पोतवार कुठे आणि सोलापूर कुठे, असा आक्षेप कोणी घेईल आणि तो रास्त आहे. म्हणून आपल्या नद्यांकडे येतो. १९५०च्या दशकात डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख सांकलिया यांनी नेवाशाला प्रवरेच्या काठच्या गोट्या-वाळूच्या घट्ट थरांतून अश्मयुगीन हत्यारांबरोबर रानबैलाचे जीवाश्म मिळवले. पुढे त्याच संस्थेतल्या डॉ. जी. एल. बदाम आणि इतर अभ्यासकांनी गोदावरी खोऱ्यातल्या आणि लातूर जिल्ह्यातल्या मांजरा खोऱ्यातल्या अशा थरांचा अभ्यास केला. त्यांतून समोर आलेली यादी वाचण्यासारखी आहे: वशिंडाच्या देशी गाईबैलांचा पूर्वज मानला जाणारा ‘बॉस नमाडिकस’, रानम्हैस, घोड्याच्या कुळातले प्राणी, काळवीट आणि पाणघोडा. होय, मांजरेत पाणघोडे होते; ज्या लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात रेल्वेने पाणी पोहोचवावे लागले, त्याच लातूरच्या परिसरात.

या प्राण्यांना एकत्र मांडले की चित्र स्पष्ट होऊ लागते. पाणघोड्याला दिवसभर डुंबायला बारमाही खोल डोह लागतात आणि रात्री चरायला काठावर गवत लागते. घोडा आणि काळवीट मोकळ्या, दूरवर दिसणाऱ्या जमिनीचे. रानम्हैस दलदलीची आणि उंच गवताची. म्हणजे नदीकाठाने झाडी, डोहांभोवती पाणथळ आणि त्यापलीकडे विस्तीर्ण गवत, असा तो संमिश्र प्रदेश होता. यात भर म्हणून चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे येथे सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीच्या थरात सापडलेली शहामृगाच्या अंड्याची कवचे आणि त्यांपासून केलेले मणी आठवावेत. शहामृग हा खुरी प्राणी नव्हे, पण तोही जंगलात राहणारा नव्हे.

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे की हे चित्र स्थिर नव्हते. पाणघोडा पुढे नाहीसा झाला. गोदावरीने बंगालच्या उपसागरात वाहून नेलेल्या गाळातील पानांच्या मेणाचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यानुसार गेल्या सुमारे चार हजार वर्षांत हे खोरे अधिकाधिक कोरडे होत गेले आणि कोरड्या हवेला सरावलेल्या वनस्पती वाढल्या. त्यात शेती, चराई आणि लाकूडतोड यांचाही हात आहे. घाटमाथ्यावरची राने आणि नदीकाठची झाडी आपण खरोखरच तोडली आहे आणि तेथे झाडे परत यायलाच हवीत. परंतु सह्याद्रीच्या पूर्वेला, पर्जन्यछायेत, पातळ मुरमाड जमिनीवरचा जो माळ आहे, तो उद्ध्वस्त अरण्य आहे असे म्हणायला जीवाश्मांचा आधार नाही. मराठीतल्या गेल्या साडेसातशे वर्षांच्या लिखित आणि मौखिक साहित्यातले वनस्पतींचे उल्लेख तपासणारा एक अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचाही निष्कर्ष पश्चिम महाराष्ट्रातले हे विरळ झाडांचे गवताळ प्रदेश जुने आहेत असाच निघाला. ओव्या आणि दाढा या दोन अगदी वेगळ्या वाटांनी निघालेले अभ्यास एकाच ठिकाणी पोहोचतात, तेव्हा त्याकडे काणाडोळा करणे योग्य नाही.

धोरणांत मात्र याची दखल दिसत नाही. केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात झुडपांच्या आणि गवताच्या मोकळ्या जमिनी पडीक म्हणूनच मोजल्या जातात. २०१९ च्या पावसाळ्यात राज्याने ३३ कोटी झाडांचे उद्दिष्ट ठेवले होते; एवढ्या झाडांना जागा शोधायची म्हटली की प्रशासनाची नजर माळावर जाणे साहजिक आहे. माळावर खड्डे खणून गिरिपुष्पाची रोपे लावली की दोन-तीन पावसाळ्यांत छायाचित्रापुरती हिरवाई दिसते, पण सावलीत कुसळी-पवन्यासारखी गवते मागे हटतात आणि मोकळी जमीन हवी असणारा माळढोक तेथे फिरकत नाही. नान्नजचा माळ आणि कर्जत तालुक्यातले रेहेकुरी येथे काळविटांचे कळप अजून दिसतात. भारतीय उपखंडाबाहेर मूळचा कोठेही नसलेला हा प्राणी मोकळ्या जमिनीवरच घडला. त्याची धाव, कळपाने राहण्याची सवय, दुरून धोका हेरणारे डोळे, हे सगळे माळानेच त्याला दिले आहे. धनगरांची मेंढरेही याच गवतावर जगतात आणि लागवडीला कुंपण पडले की सर्वांत आधी त्यांची वाट बंद होते.

दुसरी चिंता त्याहून तातडीची आहे. ज्या वाळू-गोट्यांच्या थरांत हे जीवाश्म आहेत, तेच थर बांधकामासाठी उपसले जात आहेत. यंत्राच्या एका खोऱ्याबरोबर कवटी, दाढा, अश्मयुगीन हत्यारे सगळे एकत्र उचलले जाते आणि चाळणीवर त्याचा चुरा होतो. जीवाश्म कोणत्या थरात, किती खोलीवर, कशाच्या सोबत सापडला, ही माहिती गेली की दाढ हातात राहूनही तिचे अर्धे बोलणे बंद होते. तिचा काळ ठरवता येत नाही.

एखाद्या दगडाचे मोल सापडल्या क्षणी कळतेच असेही नाही. तेल आणि नैसर्गिक वायू आयोगातले भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी जम्मूतल्या कालाकोटजवळून खडकाचे तुकडे गोळा केले आणि त्यांतल्या काही दातांवरून १९७१ मध्ये ‘इंडोह्यूस’ या छोट्या खुरी प्राण्याची नोंद केली. बाकीचे खडक त्यांच्या पश्चात तसेच पडून होते. पुढे ते जीवाश्मशास्त्रज्ञ हान्स थेविसन यांच्याकडे आले आणि त्यांतून सुटलेल्या कवटीत कानाचे जाड हाड दिसले, जे तोवर केवळ देवमाशांत ठाऊक होते. पायाची हाडेही पाणघोड्यासारखी जड भरली आणि दातांतल्या ऑक्सिजनने पाण्यातल्या वावराला दुजोरा दिला. देवमाशांची मुळे भारतातल्या सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीच्या खुरी प्राण्यांशी जोडणारा तो लेख २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मध्य प्रदेशातल्या दिंडोरी जिल्ह्यात, दख्खनच्या लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात सापडलेल्या अवघ्या एका दाढेवरून, डायनोसॉर असतानाच्या काळातल्या एका प्राण्याची नोंद झाली आणि तो खुरी प्राण्यांच्या आद्य गोतावळ्यातला असल्याचे मांडले गेले. लाव्हाच्या थरांमधला तसला गाळ महाराष्ट्रातही ठिकठिकाणी उघडा पडलेला आहे. रंगा रावांच्या पश्चात ते खडक कोणी फेकून दिले असते, तर काय गेले हे आपल्याला कळलेही नसते.

म्हणून काही गोष्टी आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून शासनाच्या आणि वाचकांच्या नजरेस आणू इच्छितो. गोदावरी, प्रवरा आणि मांजरा यांच्या काठांवरच्या जीवाश्मधारी थरांची तालुकावार नोंद व्हावी आणि वाळूघाटांचा लिलाव ठरवताना ती नोंद समोर ठेवून असे पट्टे वगळावेत. भूवारसा स्थळांच्या जतनाविषयी केंद्रीय खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये एक मसुदा जाहीर केला होता. तो मसुदाच राहू नये आणि त्यात महाराष्ट्रातली ही स्थळे असावीत, असा पाठपुरावा आपल्या लोकप्रतिनिधींनी करावा. आजवर जमवलेल्या दख्खनच्या दाढांचे कार्बन आणि ऑक्सिजनचे मोजमाप शिवालिकच्या तोडीने व्हावे आणि त्यासाठी विद्यापीठांना निधी मिळावा, कारण गोदावरी खोऱ्यात कोणत्या काळी गवत किती आणि झाडी किती, हे यादीवरून करायच्या अंदाजापेक्षा मोजमापाने ठरलेले बरे. आणि यंदाच्या लागवडीसाठी माळावर खड्डे पडण्याआधी गवतांचा जाणकार, स्थानिक मेंढपाळ आणि वनकर्मचारी यांनी एकत्र तो माळ पाहावा. जेथे कुसळी, पवना, मारवेल यांचे मूळचे गवत आहे, तो पट्टा यादीतून काढावा आणि ती रोपे ओढ्याकाठी, बांधावर, गावठाणात लावावीत.

नदीकाठच्या गावांतल्या वाचकांनाही एक विनंती. दरडीत जड, दगडासारखे झालेले हाड किंवा दाढ दिसली तर ती उपसून घरी नेऊ नये, धुऊ-घासू नये. शेजारी पट्टी किंवा नाणे ठेवून छायाचित्र घ्यावे, दरडीचा कोणता थर आणि काठापासून किती खाली हे लिहून ठेवावे आणि जवळच्या महाविद्यालयाच्या भूविज्ञान किंवा पुरातत्त्व विभागाला कळवावे.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
नेवासे तालुका, जि. अहिल्यानगर